गुरं सोडून बायसनकडे वळताय? या चुका टाळा

अमेरिका-कॅनडातल्या डाकोटा, मोंटाना, सस्कॅचवान भागात मांसासाठी गुरं पाळणारे काही जण बायसनकडे, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या केसाळ जनावराकडे वळतात. (आपला दाजीपूरचा गवा यात धरू नका. तो कायद्याने संरक्षित वन्यप्राणी आहे, पाळायचा प्रश्नच नाही.) गोठ्यातले सगळे आडाखे इथे चालतील असं समजलं, की गडबड सुरू होते.

कुंपण सारखं तुटतंय? पाच-सहा फूट उंची हवीच, पण आधी कुरणात गवत किती उरलंय ते बघा. पोट भरलेला आणि एकत्र असलेला कळप सहसा तारेच्या वाटेला जात नाही.

सगळ्यात जास्त इजा होते ती खोड्यात, म्हणजे जनावर अडकवून धरायच्या चौकटीत. लस टोचायला गाय आत घेतली की ती थोडीफार झटापट करून थांबते. बायसनला समोर उजेड दिसला की तो पूर्ण वेगाने तिकडे मुसंडी मारतो. शिंग मोडतं, कधी मानच. म्हणून खोड्याच्या पुढे भक्कम आडवं दार आणि दोन्ही बाजूंना फळ्या, बाहेरचं काही दिसता कामा नये. एकटं जनावर वेगळं काढू नका, ते बिथरतं. आरडाओरडा, कुत्री, विजेची काठी तर नकोच. शेपूट ताठ वर गेली, की तुम्ही आधी बाहेर पडा.

शेजारी मेंढ्या असतील तर जागाच बदला, असं माझं स्पष्ट मत आहे. मेंढीला काही न होता तिच्या अंगातला विषाणू बायसनला मॅलिग्नंट कॅटारल फीव्हर हा जीवघेणा आजार देतो. त्यावर ना लस, ना उपचार. गुरं बरीच तग धरतात, बायसन थोड्या दिवसांत मरतो. 2003 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात 800 हून जास्त बायसन असेच गेले, आणि काही किलोमीटर दूरच्या कळपालाही लागण झाल्याची नोंद आहे.

हिवाळ्यात वजन वाढत नाही म्हणून दाणा वाढवू नका. थंडीत त्याचं चयापचयच मंदावतं, पैसे वाया जातात. वाढीची हार्मोन्स अमेरिकेत बायसनला द्यायला बंदी आहे, तो मार्गही बंद.

कर्जाचा हप्ता ठरवताना घाई नको. गाय साधारण दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा विते, बायसनची मादी तिसऱ्या. कत्तलीचं वयही 24 ते 30 महिने. शिवाय अमेरिकेत गुरांच्या मांसाची सरकारी तपासणी सक्तीची आणि नेहमीच्या वेळेत फुकट असते, बायसनच्या तपासणीचे तासाप्रमाणे पैसे मोजावे लागतात. तो खर्च दरात धरा.