ईटीव्हीच्या टेबलाशी पहिल्यांदा उभे राहणाऱ्यांसाठी

ओटी टेक्निशियनचा कोर्स करून नागपुरातल्या एका न्यूरो ओटीत लागलो, तेव्हा ‘डोक्यात पाणी’ म्हणजे शंट, एवढंच मला ठाऊक होतं. डोक्यातून कानामागे, तिथून कातडीखालून थेट पोटात जाणारी नळी. मग एक दिवस यादीत ईटीव्ही, म्हणजे एंडोस्कोपिक थर्ड व्हेंट्रिक्युलोस्टॉमी, दिसलं. यात नळी नाही, व्हॉल्व्ह नाही. दुर्बीण घालून तिसऱ्या व्हेंट्रिकलच्या, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या एका कप्प्याच्या, तळाला भोक पाडायचं आणि तुंबलेल्या पाण्याला दुसरी वाट काढून द्यायची. हे काही आजचं खूळ नाही. 1923 मध्ये बोस्टनच्या मिक्स्टरनं मूत्रमार्गाची दुर्बीण वापरून हेच केलं होतं.

सर्जनची नजर स्क्रीनवर असते. आपली पाण्यावर हवी. दुर्बिणीतून आत सोडायला आम्ही रिंगर लॅक्टेट हे सलाइनसारखं पाणी लावतो, अंगाइतकं कोमट. बाहेर मे महिन्याचं ऊन रटरटत असलं तरी एसीत बाटली गार पडते, म्हणून हात लावून बघा. आणि जेवढं पाणी आत, तेवढं बाहेर आलंच पाहिजे. माझ्या तिसऱ्या की चौथ्या केसला बाहेरच्या वाटेची चावी अर्धवट बंद राहिली. लावली होती मीच. मॉनिटरची टिकटिक मंदावत गेली. भूलतज्ज्ञ मॅडम ओरडल्या, “पाणी बंद करा!” चावी उघडली, ठोके परत आले, पोरगं सुखरूप राहिलं. त्या दिवसापासून बाहेरच्या नळीखाली वाटी ठेवतो आणि थेंब बघत बसतो. सिस्टर हसतात. हसू देत.

दुर्बीण ग्लुटारअल्डिहाइड या जंतुनाशकातून काढली असेल तर निर्जंतुक पाण्यात पुन्हा पुन्हा खळखळून घ्या. त्याचा अंश मेंदूच्या पाण्यात जाता कामा नये. भोक रुंद करायचा फोगार्टीचा फुगा (बारीक नळीच्या टोकाचा) 1 मिलीच्या सिरिंजनं सलाइन भरून आधीच फुगवून बघायचा. हवा भरायची नाही.

स्क्रीनवर मोन्रोचं छिद्र, म्हणजे तिसऱ्या व्हेंट्रिकलचं दार, ओलांडलं की खाली पातळ, पारदर्शक तळ दिसतो. त्याच्या मागेच बॅसिलर, ही मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी, धडधडत असते. इथं ओटीत कुणी बोलत नाही. भोक पडून फुगा निघाला की भोकाच्या कडा ठोक्यासरशी आतबाहेर लपलपतात. ते दिसलं की सर श्वास सोडतात.

तरी शंटचा ट्रे आवरू नका. ईटीव्ही यशस्वी होण्याची शक्यता किती, याचे गुण रेसिडेंट आधी मोजतात, न्यूरोसर्जन कुलकर्णींच्या 2009 च्या तक्त्यानं. बारा वर्षांचा मुलगा, अ‍ॅक्वेडक्ट (तिसऱ्या व्हेंट्रिकलमधून चौथ्यात जाणारी पाण्याची वाट) अरुंद, आधी शंट नाही: 50, 30 आणि 10, म्हणजे 90. महिन्याच्या आतलं बाळ, जंतुसंसर्गानंतर पाणी साठलेलं: जेमतेम 10. हौस म्हणून करायची ही गोष्ट नव्हे.

मागे भंडाऱ्याकडची एक आई पोराच्या कानामागून बोट फिरवत राहिली. “नळी कुठं हाये भाऊ?” टाकलीच नाही म्हटलं, तर तिचा विश्वास बसेना. शेजारच्या खाटेवरच्या पोराला होती ना! भोक वर्षांनीसुद्धा बुजू शकतं, म्हणून उलट्या, डोकेदुखी, गुंगी दिसली की लगेच आणा, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मी फक्त तिच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं: ‘ईटीव्ही. नळी नाही.’ तिनं ते पोलक्यात खोचलं.