वर्क फ्रॉम होम आणि इन्कम टॅक्स: या चुका टाळा

जून लागला की ऑफिसच्या ग्रुपवर तेच सुरू. घरून काम करतोय, मग वायफाय, खुर्ची, लाइट बिल रिटर्नमध्ये टाकता येईल ना? नाही येत. पगारदाराला आपल्याकडे वर्क फ्रॉम होमचं वेगळं डिडक्शन नाहीच. पगारातून सरसकट वजा होणारं स्टँडर्ड डिडक्शन आहे, टॅक्स मोजायच्या दोन पद्धतींपैकी नव्या रिजिममध्ये ७५ हजार, जुन्यात ५० हजार, आणि त्याला एक कागद लागत नाही. लोक जे 'होम ऑफिस'चे व्हिडिओ बघून येतात ते अमेरिकेतले, आणि तिथेही २०१८ पासून नोकरदाराला फेडरल टॅक्समध्ये ते मिळत नाही.

नेट-फोनचा खर्च टॅक्समधून सोडवायचा तर कंपनीतूनच, बिल लावून. सरसकट 'डब्ल्यूएफएच अलाउन्स' आला तर तो पगारच, पूर्ण टॅक्सेबल. मी बिल आलं की तेव्हाच पीडीएफ फोल्डरला टाकतो, मार्चमध्ये मेलबॉक्स उपसत बसणाऱ्यांची मला अजिबात दया येत नाही. कंपनीचा लॅपटॉप वापरायला टॅक्स नाही, पण कंपनीने टेबल-खुर्ची घरी दिली असेल तर किमतीच्या १० टक्के दरवर्षी पगारात धरतात, त्यावरून एचआरशी भांडू नका.

खरा घोळ एचआरएचा, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्याचा; खरंच भाडं भरत असाल तर त्यातल्या काही भागावर टॅक्स लागत नाही. आमच्या टीममधला एक पोरगा कोविडमध्ये वाकडचा फ्लॅट सोडून कराडला आईवडिलांकडे गेला, भाडं बंद, पण भाडेपावत्या चालूच, जुन्या मालकाचं पॅन टाकून, कारण वर्षाला लाखाच्या वर भाडं दाखवलं की पॅन मागतात. आता मालकाच्या रिटर्नमध्ये ते भाडं कुठून येणार? नोटीस आली तेव्हा म्हणतो, दादा, ॲग्रीमेंट आहे ना. अरे बाबा, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट ते, कधीच संपलं, आणि बँकेतून एक रुपया गेलेला नाही! टॅक्स भरला, वर व्याज, आणि खोटी माहिती ठरली तर टॅक्सच्या २०० टक्के दंड लागू शकतो हे कळल्यावर तर त्याची झोपच उडाली. आईला भाडं द्यायचंय? घर तिच्या नावावर असेल तर खुशाल द्या, पण बँकेतून, आणि तिच्या रिटर्नमध्ये ते दिसलं पाहिजे.

आणि एचआरएत बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, ५० टक्के सूट मिळते हे खूळ! २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला, पुण्याला ४०. त्यात गंमत म्हणजे बहुतेकांना याने फरकच पडत नाही. बेसिक ५० हजार, एचआरए २० हजार, भाडं १८ हजार धरा. भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा केले की उरले १३ हजार, हे, मिळालेला एचआरए आणि बेसिकचे ४० किंवा ५० टक्के, या तीनांत सगळ्यात कमी तेच, तेवढीच सूट. भाडं बेसिकच्या निम्म्यावर गेलं तरच ४० का ५० हा प्रश्न येतो.

एचआरए जुन्याच रिजिममध्ये. प्रोफेशन टॅक्सचे २५०० पण तिथेच वजा होतात. नवी रिजिम डिफॉल्ट आहे, जुनी हवी तर मुदतीत रिटर्न भरा, उशीर झाला की ती गेली. शेवटच्या रात्री पोर्टल लटकलं म्हणून मला फोन करू नका, मी उचलत नाही.