जुन्या हार्वेस्टरला बाजारातले पार्ट कसे बसवायचे

2019 च्या महापुरात भिलवडीकडं पाहुण्यांच्या शेडात पाण्यात बुडालेलं हार्वेस्टर आम्ही भंगाराच्या भावात आणलं, तेव्हा सगळे म्हणायचे की ह्याचे पार्ट आता कुठं मिळत न्हाईत. पण बेअरिंग, पट्टे, चेन शक्यतो बाजारातल्या मापाच्याच असतात. दुकानात गेलं की हार्वेस्टरचं नाव सांगू नका, पार्टवरचा नंबर सांगा.

आधी बॅटरीची वायर काढा. पुरातलं इंजिन असेल तर सेल्फ मारायचा मोह आवरा, सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून इंजिन हातानं फिरवून बघा. गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की ओतून टाका.

बेअरिंगच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे (04 पासून पुढं) गुणिले पाच केलं की शाफ्टचं माप येतं, म्हणजे 6206 हे 30 मिमीचं. 6205 आणि 6305 दोन्ही 25 च्या शाफ्टवर बसतात पण बाहेरून एक 52 चं आणि एक 62 चं, त्यामुळं "चालतंय की" म्हणून दुकानदारानं दिलं तरी घेऊ नका. नंबर गंजला असेल तर व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. आणि बाहेरून चांगलं दिसतंय म्हणून पुरातलं बेअरिंग ठेवू नका, मी एक ठेवलं होतं, नंतर सील उचकटून बघतोय तर आत ग्रीस कुठलं, नुसता तांबडा गाळ.

पट्ट्यावर बी-68 असं काही लिहिलेलं असतं, बी म्हणजे 17 मिमी रुंदी आणि 68 म्हणजे आतली लांबी इंचात. नंबर पुसला असेल तर टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) सैल करून पुलीवरनं सुतळी फिरवा, ती बाहेरची लांबी झाली, त्यातनं पावणेतीन इंच वजा करा. जोडपट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना घातला तर सगळा लोड नव्यावर येतो.

पुली मात्र जपून. मळणीच्या ड्रमची 10 इंची पुली फुटली म्हणून आमच्या पोरांनी घरात पडलेली 8 इंची चढवली, 600 वर फिरणारा ड्रम 750 वर गेला आणि टाकीत सोयाबीन कमी, डाळच जास्त. शेवटी कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्याकडनं मापाची करून आणली.

ड्रमच्या लोखंडी पट्ट्या (दाणे घासून काढणाऱ्या) कधी एकेक बदलायच्या नाहीत, समोरासमोरची जोडी काट्यावर वजन करून सारखी घ्यायची, बोल्ट 8.8 छापलेलेच, साधे नकोत. मग पट्टा काढून ड्रम हातानं फिरवून सोडा, थांबला की वरच्या बाजूला खडूची खूण करा. दर वेळी खूण वरच येत असेल तर खालची बाजू जड आहे, वर वजन लावा.

मळणीला नेताना अर्धा तास चालवून इंजिन बंद करा, ड्रम पूर्ण थांबू द्या, मग बेअरिंगच्या घरांना हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर पट्टा जास्त ओढलाय नाहीतर शाफ्ट वाकडा बसलाय.