सुट्टी संपवून वसतिगृहात परतताय? या चुका टाळा

मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मला अकरा वर्षं झाली. उन्हाळ्याची सुट्टी संपून खोल्या भरल्या की पहिले पंधरा दिवस त्याच चुका आणि त्याच तक्रारी. पहिल्या वर्षाच्या मुली बिचकत येतात, सगळं विचारून करतात आणि त्यामुळेच सावरतात. घसरतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या. इथलं सगळं ठाऊक आहे, दोन दिवसांत रुळू, असं त्यांना वाटतं. घरच्या दोन महिन्यांत झोप, अभ्यास, एकट्याने राहण्याची सवय, सगळंच बदललेलं असतं. ते परत बसायला दिवस लागतात आणि ते दिवस तुम्हालाच राखून ठेवावे लागतात.

आदल्या रात्री येऊन धडकणं

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी रात्री साडेअकराला बॅग ओढत आली. सकाळी आठला प्रात्यक्षिक होतं. घरी ती पहाटे तीनला झोपायची आणि अकराला उठायची, हे मला नंतर कळलं. त्या रात्री ती बाराला दिवा मालवून पडली आणि तीनपर्यंत टक्क जागी राहिली. सकाळी गजर वाजला, तिने झोपेतच बंद केला. प्रात्यक्षिक बुडालं, आणि नेमके त्याच तासाला वर्षभराचे गट पाडले गेले. तिच्या मैत्रिणी एका गटात, ती उरलेल्यांत.

पुढे तर सगळं चक्रच उलटं फिरलं. तास संपवून आली की चारला आडवी व्हायची ती सातलाच उठायची. मग रात्री दोनपर्यंत डोळे उघडे. झोप येत नाही म्हणून फोन, आणि फोन हातात आहे म्हणून झोप नाही. तीन आठवडे असे गेले. शेवटी तिची रूममेट माझ्याकडे आली, "मॅडम, ती सकाळची उठतच नाही हो, मला भीती वाटते."

आम्ही काय केलं ते सांगते, कारण मी सगळ्यांना तेच सांगते. लवकर झोपायचा हट्ट सोडला आणि उठायची वेळ धरली. रोज सात, रविवारीसुद्धा सात. उठल्यावर अर्धा तास अंगणात उजेडात फिरायचं, खिडकीपाशी बसून भागत नाही. दुपारी झोपायचंच असेल तर तीनच्या आत आणि वीस मिनिटं. दोननंतर चहा-कॉफी बंद, कारण कॉफी प्यायल्यावर पाच-एक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. पहिले तीन दिवस ती रडकुंडीला आली होती. आठव्या दिवशी रात्री अकराला तिच्या खोलीतला दिवा गेलेला दिसला, तेव्हा मला बरं वाटलं.

यामागचं कारण साधं आहे. माणसाच्या शरीरातलं घड्याळ २४ तासांपेक्षा जरा मोठं असतं. १९९९ साली काळजीपूर्वक मोजलं तेव्हा ते सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरलं. म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं जातं, मागे ओढणं जड जातं, आणि विशी-बाविशीपर्यंत तर ती आपणहूनच उशिराकडे सरकते. मागे ओढायला सकाळचा उजेड लागतो आणि तोही दिवसाला फार तर तासभर ओढतो. चार तासांचा फरक एका रात्रीत कसा भरून निघेल? तेव्हा तास सुरू होण्याच्या निदान तीन दिवस आधी या. तेवढं जमत नसेल तर घरीच शेवटच्या आठवड्यात रोज अर्धा-पाऊण तास आधी उठायला लागा. रात्रभर जागून दुसऱ्या रात्री 'सगळं सेट करणाऱ्या' मुली मी खूप पाहिल्या आहेत. दोन दिवस गुंगीत जातात आणि तिसऱ्या रात्री पहिले पाढे पंचावन्न.

पहिल्याच दिवशी पहाटे पाचचं वेळापत्रक

रंगीत पेनांनी आखून भिंतीवर चिकटवलेलं. चौथ्या दिवशी तिकडे कोणी बघत नाही. पहिल्या आठवड्यात उठणं, जेवण आणि तास, एवढ्याच वेळा पाळा.

सगळं विसरलं म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात

ही चूक अभ्यासू मुलींची, म्हणून मला तिचं जास्त वाईट वाटतं. मागच्या सत्राची वही उघडतात, काहीच आठवत नाही म्हणून धसका घेतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसतात. इकडे नवे तास पुढे पळतात. महिन्याभराने ना जुनं झालेलं असतं, ना नवं.

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून, आपण किती वेगाने विसरतो ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याचा तो आलेख सगळ्यांना माहीत असतो. पण त्याने मोजलं होतं ते हे की, विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. सुट्टीत गेलेलं पूर्ण पुसलेलं नसतं. म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि सगळं पहिल्यापासून वाचायचंही नाही.

माझी स्वतःची सवय अशी. कोरा कागद घ्यायचा, वर धड्याचं नाव लिहायचं, वही बंद. वीस मिनिटं जे आठवेल ते निळ्या पेनने लिहायचं, तुटक, आकृत्यांसकट. मग वही उघडून राहिलेलं लाल पेनने त्याच कागदावर भरायचं. अभ्यास करायचा तो फक्त लाल भागाचा. दोन दिवसांनी नवा कागद. लाल कमी होत जातं ते डोळ्यांना दिसतं आणि जीव भांड्यात पडतो.

नुसतं पुन्हा वाचणं फसवं असतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आलं, वाचणाऱ्यांना ४२. वाचताना ओळखीचं वाटतं म्हणून आपल्याला येतंय असं वाटतं, एवढंच. तयार नोट्सचे फोटो मागत फिरणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

खोलीकडे दुर्लक्ष

दोन महिने बंद खोली उघडल्यावर बाथरूममधून वास येतो आणि लगेच तक्रार होते. जाळीखालच्या वाकड्या पाइपात साचलेलं पाणी गटाराचा वास अडवून धरतं. वापर नसला की ते आटतं. एक-दोन तांबे पाणी ओता, वास जातो. नळ उघडून साचलेलं पाणी काही मिनिटं वाहू द्या. गादीला उजेड-वारा दाखवल्याशिवाय चादर घालू नका. अंथरूण दमट राहिलं तर पहिल्याच आठवड्यात शिंका आणि खाज सुरू होते.

लायब्ररीचं पुस्तक घरीच राहणं, ओळखपत्र न सापडणं, पासवर्ड विसरणं: निघायच्या आदल्या दिवशी बघा.

पहिल्याच शनिवारी घरी पळणं

घरची आठवण येणारच. दुसऱ्या वर्षीही येते, शेवटच्या वर्षीही येते, त्यात कमीपणा काही नाही. पण पहिल्याच शनिवारी घर गाठलं की नुकतीच धरलेली उठायची वेळ मोडते आणि सोमवारी पुन्हा श्रीगणेशा. निदान दोन आठवडे थांबा. फोन जरूर करा, पण जेवताना नको. ताटासमोर फोन उभा करून जेवणाऱ्या मुलीशी शेजारची बोलत नाही. सुट्टीत मैत्रिणींचे गट बदललेले असतात, ते असं एकत्र जेवतानाच पुन्हा जुळतात. आणि आठवण दोन-तीन आठवडे ओसरलीच नाही, जेवण जात नाही, तास बुडतात असं झालं, तर एकटीने सोसू नका. रेक्टरला सांगा, समुपदेशकांकडे जा. हे काम आम्ही मनापासून करतो, मध्यरात्रीसुद्धा.

राहिली बॅग. अर्धी भरलेली बॅग पलंगाखाली ठेवून त्यातूनच रोजचे कपडे काढणाऱ्या मुली मला फेरीवर दिसतात. ती पहिल्याच रात्री रिकामी करा, कपडे कपाटात लावा आणि बॅग माळ्यावर टाका. हात पोचत नसेल तर मला हाक मारा, स्टूल माझ्या ऑफिसात असतं.