आर्गन वेल्डिंग शिकताय? टॉर्च हातात घेतल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी म्हणा, मांजुसर म्हणा, नंदेसरी म्हणा, स्टेनलेसचं काम करणारं शॉप सापडणार नाही असं होतच नाही, कारण आजूबाजूला केमिकल, फार्मा, डेअरी सगळं आहे आणि त्यांच्या टाक्या, पायपा, वेसल एस.एस.च्या लागतात. आणि ते काम टिगवर, म्हणजे शॉपमध्ये सगळे ज्याला नुसतं आर्गन म्हणतात त्यावर. यात टॉर्चमधल्या टंगस्टनच्या बारीक कांडीच्या टोकापासून आर्क निघते आणि भोवती वाहणारा आर्गन गॅस हवा दूर ठेवतो. त्यामुळे शिकणारी पोरंही खूप येतात, बहुतेकांचा हात आधी साध्या रॉडच्या वेल्डिंगवर बसलेला असतो आणि तोच हात ते टिगला घेऊन येतात, तिथूनच बऱ्याचशा चुका सुरू होतात.

आणखी एक सवय म्हणजे बीड, म्हणजे वेल्डची ओळ, बिघडला की लगेच मशीनच्या नॉबला हात. करंट वाढव, नाही जमलं, कमी कर, गॅस वाढव, परत करंट. दहा मिनिटांनी मूळ सेटिंग काय होतं तेच कोणाला आठवत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की नॉबला हात लावायच्या आधी टॉर्च वर करा, टंगस्टनचं टोक बघा आणि मग बीडचा रंग बघा. काय चुकलं ते बहुतेक वेळा तिथंच दिसतं, आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

टोक बघा म्हणजे काय बघा

टोक चकचकीत चंदेरी आणि अणकुचीदार राहिलंय, तर गॅस आणि पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी, दोन्ही ठीक आहेत, चूक हातात शोधा.

टोकाचा गोळा झालाय, आर्क मारल्या मारल्या टंगस्टन वितळायला लागतं, तर आधी केबल बघा. टिगमध्ये स्टील आणि स्टेनलेससाठी टॉर्च मायनसला आणि अर्थ प्लसला लागतो. पण शॉपमध्ये मशीन एकच असतं, सकाळी कोणीतरी त्याच मशीनवर रॉड होल्डर प्लसला लावून काम केलेलं असतं आणि तुम्ही आलात की फक्त होल्डर काढून टॉर्च तिथंच खोचता. टॉर्च मायनसला असताना साधारण सत्तर टक्के उष्णता जॉबमध्ये जाते, उलटं केलं की तीच टंगस्टनवर येते, मग ते बिचारं किती टिकणार.

टोक निळं किंवा काळं पडलंय, कधी पिवळट पांढरी पूड दिसते, तर गरम टंगस्टनला हवा लागली आहे. एकतर पोस्ट फ्लो, म्हणजे आर्क विझल्यावर वाहत राहणारा गॅस, कमी ठेवलाय नाहीतर आर्क बंद झाल्याबरोबर तुम्ही टॉर्च उचललात. रॉडवाल्यांची ही सवय पक्की असते, रॉड संपला की हात मागे. टिगमध्ये आर्क विझल्यावरही टॉर्च तिथंच धरून ठेवायची, गॅस बंद व्हायचा आवाज येईपर्यंत, कारण तो गॅस टंगस्टनलाही थंड करतोय आणि शेवटच्या वितळलेल्या धातूलाही झाकतोय. अंदाज म्हणून दर १० अँपिअरला १ सेकंद धरा, पण ८ सेकंदांच्या खाली जाऊ नका. गॅस वाचवायला पोस्ट फ्लो कमी करणारे लोक मी बघतो, मला ते अजिबात पटत नाही, वाचलेल्या गॅसपेक्षा टंगस्टन महाग पडतं.

आणि टोकाला धातूचा गठ्ठा चिकटलाय, आर्क वाकडीतिकडी पळतेय, पडल, म्हणजे वितळलेल्या धातूचं डबकं, मळकट दिसतंय, तर तुम्ही टंगस्टन पडलमध्ये बुडवलंय नाहीतर फिलर, म्हणजे जोडात भरायची तार, त्याला लागलाय. हे नवीन माणसाकडून होणारच, त्यात काही विशेष नाही. चूक ही की तसंच पुढे रेटायचं. थांबा, घासून घ्या, आणि जास्तच खराब असेल तर तेवढा तुकडा तोडून मग नव्यानं टोक काढा. तुटलेला कण बीडमध्ये राहिला तर एक्सरे फिल्मवर तो पांढरा ठिपका होऊन दिसतो कारण टंगस्टन स्टीलपेक्षा खूप जड आहे, आणि कोयलीच्या रिफायनरीसारख्या ठिकाणच्या पायपिंगचं काम उद्या करायचं असेल तर रेडिओग्राफीशी गाठ पडणारच आहे.

घासायचं कसं ते पण सांगतो. घासल्याच्या रेषा टंगस्टनच्या लांबीच्या दिशेनं आल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर आर्क भटकते. टोकाचा उतार जाडीच्या दोन ते अडीच पट ठेवा. त्यासाठी वेगळं व्हील ठेवा, ज्याच्यावर एम.एस., म्हणजे साधं स्टील, घासता त्याच्यावर नको. रंगाची पट्टी असलेली बाजू घासू नका, नाहीतर कुठलं टंगस्टन आहे तेच कळणार नाही. लाल पट्टीचं थोरिएटेड असतं, त्यात थोरियम आहे, किंचित किरणोत्सारी, घासताना धूळ नाकात जायला नको. नवीन शिकणाऱ्यानं सोनेरी किंवा निळ्या पट्टीचं लँथनेटेड घ्यावं, काम तेवढंच छान होतं आणि ती काळजी राहत नाही.

आता हात

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांब आर्क. भीती असते टंगस्टन बुडेल म्हणून, मग पोरगं टॉर्च पाच-सहा एमएम वर धरतं. होतं काय की आर्क पसरते, उष्णता एका जागी न बसता पत्र्यावर फाकते, पडल बनतच नाही, मग करंट वाढवतात, मग पत्रा तापतो, वाकतो, रंग काळा पडतो आणि सगळे म्हणतात करंट जास्त झाला. करंट जास्त नव्हता, आर्क लांब होती. टंगस्टनच्या जाडीएवढी आर्क ठेवा, म्हणजे १.६ चं टंगस्टन असेल तर दीड-दोन एमएम, २.४ चं असेल तर साधारण अडीच एमएम. खूप जवळ वाटतं सुरुवातीला, पण तेच बरोबर आहे.

दुसरी चूक टॉर्च आडवी पाडायची. पडल नीट दिसावं म्हणून टॉर्च झुकवत झुकवत पंचेचाळीस अंशावर नेतात. टॉर्च जवळजवळ उभीच पाहिजे, फक्त १० ते १५ अंश मागे कललेली, टोक जायच्या दिशेकडे. जास्त आडवी झाली की गॅस एका बाजूला वाहून जातो, मागून हवा ओढली जाते, आणि आर्कची झळ पुढे जाऊन फिलर पडलपर्यंत पोचायच्या आधीच थेंब होऊन गळतो. दिसत नसेल तर टॉर्च वाकवू नका, तुमची मान हलवा. बाजूनं बघा. बसायची जागा बदला.

आणि हात अधांतरी ठेवू नका! हवेत धरलेला हात कोणाचाच स्थिर राहत नाही, वीस वर्षं काम केलेल्याचाही नाही. टॉर्च पेन धरतो तशी धरायची, करंगळी किंवा तळहाताची कड जॉबवर नाहीतर शेजारच्या एखाद्या तुकड्यावर टेकवायची आणि टेकवलेला हात सरकवत न्यायचा. केबलचं वजन मनगटावर येऊ देऊ नका, खांद्यावरून टाका किंवा हाताला एक वेढा घ्या. मग आर्क न मारता पूर्ण लांबी एकदा फिरवून बघा, हात मध्येच कुठं अडकतोय का, कोपर कुठं आपटतंय का. हे कोरडं फिरवणं पोरांना कंटाळवाणं वाटतं पण मी म्हणेन की यानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच सेटिंगनं पडत नाही.

सरावाला सुरुवातीला फिलर घेऊच नका. २ एमएमचा सीआर, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा घ्या किंवा शॉपमधले एस.एस.चे कटपीस घ्या, एम.एस. काळा असेल तर वरची काळी खपली ग्राइंडरनं काढून चकचकीत करा आणि नुसत्या टॉर्चनं ओळी मारा. आर्क मारून एका जागी थांबा, पाच-सहा एमएमचं गोल, काचेसारखं पडल बनू द्या, ते बनलं की मग सरका. पडल बनायच्या आधीच पळणारे खूप आहेत. करंटचा ढोबळ अंदाज म्हणजे स्टीलला एक एमएम जाडीला ४० अँपिअर, म्हणजे २ एमएमला ७०-८०, स्टेनलेसला त्याहून थोडा कमी कारण त्यात उष्णता लवकर पसरत नाही, तिथंच साठते. आणि यावरूनच आणखी एक, एकाच तुकड्यावर ओळीमागून ओळ मारत बसलं की तो तुकडा इतका तापतो की चौथी ओळ आपोआप बिघडते आणि माणसाला वाटतं आपला हात बिघडला. चार-पाच तुकडे जवळ ठेवा, आलटून पालटून घ्या.

गॅस जास्त म्हणजे चांगला नव्हे

ही पद्धत आली ती १९४१ मध्ये, अमेरिकेत नॉर्थरॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी विमानाच्या मॅग्नेशियमच्या पत्र्यांसाठी बनवली, तेव्हा हेलियम वापरला होता. हेतू एकच होता, तापलेल्या धातूपाशी हवा येऊ द्यायची नाही. आजही सगळा खेळ तोच आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला शॉपमध्ये मोठमोठे पंखे लावलेले असतात! बीडमध्ये बारीक बारीक छिद्रं आली, पडल उकळल्यासारखं दिसलं, की आधी पंखा कुठं तोंड करून आहे ते बघा. पंखा बंद करायला कोणी तयार होत नाही हे मला माहीत आहे, मग जॉबभोवती प्लायवूडचा तुकडा किंवा जाड पडदा उभा करा, आणि जमलं तर सराव सकाळी लवकर करा.

पंख्याचा वारा गॅस उडवतो म्हणून फ्लो वाढवून मिनिटाला १८-२० लिटर करतात. त्यानं उलटंच होतं, गॅस जोरात बाहेर पडला की भोवरे होतात आणि भोवऱ्यात हवा आत येते. टॉर्चच्या तोंडाशी गॅस सोडणारा जो कप असतो, त्या साध्या ६ किंवा ७ नंबरच्या कपला मिनिटाला ६ ते ८ लिटर भरपूर झाला. कपचा नंबर म्हणजे इंचाचा सोळावा भाग, ६ नंबर म्हणजे सहा सोळांश इंच, साडेनऊ एमएम भोक. टंगस्टन कपच्या बाहेर जास्तीत जास्त त्या भोकाएवढं काढायचं, आणि साध्या जॉइंटला पाच-सहा एमएम पुरतं. कोपऱ्यात पोचत नाही म्हणून लांब काढायचंच असेल तर गॅस लेन्स, म्हणजे गॅस सरळ धारेत सोडणारी जाळी, लावा.

तरीही छिद्रं येत असतील तर साबणाचं पाणी घेऊन रेग्युलेटरपासून टॉर्चपर्यंत प्रत्येक जॉइंट तपासा, आणि टॉर्चच्या मागच्या कॅपचा ओ-रिंग नक्की बघा, तो फाटला की तिथून हवा ओढली जाते आणि बाहेरून काही कळत नाही.

फिलर आणि बीडचा शेवट

फिलर १५-२० अंशावर, जवळजवळ पत्र्यालगत, पडलच्या पुढच्या कडेला टोचायचा आणि थोडासाच मागे घ्यायचा. आर्कमध्ये नाही, पडलच्या कडेला, पडलच्या उष्णतेनं वितळला पाहिजे. मागे घेताना पोरं हात पार बाहेर नेतात, तापलेलं टोक गॅसच्या बाहेर आलं की त्यावर ऑक्साइड बसतो आणि पुढच्या टोचणीत तोच आत जातो. असं झालं तर टोक कापून टाका. ३०४ नंबरच्या स्टेनलेसला ३०८एल फिलर घ्या, एस.एस. आणि एम.एस. जोडायचं असेल तर ३०९एल. पावसाळ्यात एम.एस.चा फिलर उघडा ठेवलात तर गंजतो, ट्यूबमध्ये बंद ठेवा आणि वापरायच्या आधी अ‍ॅसिटोनच्या फडक्यानं पुसा. ब्रश स्टेनलेसचा, आणि तो फक्त स्टेनलेससाठीच.

शेवटाला करंट एकदम तोडला की खड्डा राहतो आणि त्याच खड्ड्यातून तडा सुरू होतो. मशीनला डाउनस्लोप, म्हणजे करंट हळूहळू उतरवायची सोय, असेल तर लावा, शेवटी एक थेंब फिलर जास्त द्या. स्टेनलेसचा रंग पिकल्या गवतासारखा सोनेरी आला तर उत्तम, निळा-जांभळा म्हणजे थोडं सावकाश झालं किंवा गॅसचं झाकण कमी पडलं, राखाडी काळा म्हणजे तो बीड धरूच नका. मागच्या बाजूला खरखरीत काळे दाणे आले असतील तर मागून आर्गनचं पर्जिंग, म्हणजे आर्गन भरून हवा हाकलणं, झालेलं नव्हतं, दूध किंवा औषधाच्या लाइनला असा जॉइंट चालत नाही.

अंगाची काळजी

टिगला ठिणग्या उडत नाहीत म्हणून पोरं पॉलिस्टरच्या टीशर्टवर, गळा उघडा ठेवून बसतात. आर्कचा उजेड मात्र अंगाला जाळतो, आणि स्टेनलेस चकचकीत असल्यानं खालूनही परत येतो. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, हेल्मेटला १० नंबरची काच. डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं ते रात्री, काही तासांनी, त्यामुळे काम चालू असताना कळतच नाही. जॉब साफ करायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर कधीही नको, त्यावर आर्क पडली की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो.

आणि टाकीच्या आत काम असेल तर जास्त जपा. आर्गन हवेपेक्षा जड आहे, साधारण १.३८ पट, तळाशी साठत जातो, त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, माणूस सरळ बेशुद्ध पडतो. जेवायला बाहेर जाताना टॉर्च आत सोडून जाऊ नका, बाटल्याचा व्हॉल्व्ह बंद करा. परत उतरायच्या आधी ऑक्सिजन मीटर दोरीनं तळापर्यंत सोडून बघा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही, ब्लोअरनं ताजी हवा आत सोडायची आणि परत मोजायचं. मॅनहोलपाशी एक माणूस उभा पाहिजे, आणि त्याला आधीच सांगून ठेवा की आतला पडला तर काढायला स्वतः आत उडी मारायची नाही, मदत बोलवायची आणि ब्लोअर चालू ठेवायचा.