चड्डी घेताना पँटचा नंबर सांगू नका

कोल्हापुरात महाद्वार रोडवर आमचं होजिअरीचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, जरा इकडंतिकडं बघतं आणि हळूच म्हणतं, "३४ ची पँट लागते, त्या मापाची अंडरवेअर द्या." बायका आल्या की, "ह्यांना बसेल अशी द्या, मध्यम." जी वस्तू दिवसभर अंगाला चिकटून असते, तिची खरेदी अशी दोन मिनिटांत उरकू नका. काचलेल्या कमरेचे आणि सोलवटलेल्या जांघांचे किस्से आम्ही रोज ऐकतो, आणि बहुतेकांचं मूळ चुकीच्या मापात असतं.

पँटचा नंबर इंचात असतो, चड्डीचा सेंटिमीटरमध्ये. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, म्हणून लोक ८५ मागतात. पण तयार पँटवर ३४ लिहिलेलं असलं तरी पट्टी लावली की ती बऱ्याचदा इंच-दीड इंच जास्त भरते. म्हणजे अशा माणसाची खरी कंबर ९० च्या आसपास असते. तेव्हा घरीच माप घ्या. टेप बेंबीवर लावायची नाही. इलास्टिक जिथं बसतं तिथं, बेंबीच्या तीन-चार बोटं खाली लावायची. पोट आत ओढू नका, श्वास सोडून मापा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळा आणि फूटपट्टीवर ठेवा. आकडा दोन मापांच्या मधे आला तर मोठं घ्या, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतंच. एम, एल या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचा एम तो दुसरीचा एल असतो. पाकिटावरचा सेंटिमीटरचा आकडा वाचा.

कमरेइतकंच मांडीचं माप महत्त्वाचं आहे, आणि ते कुणीच सांगत नाही. आमच्याकडे तालमीतली पोरं येतात. कंबर ८५, पण मांड्या अशा की ब्रीफचं, म्हणजे बिनपायाच्या चड्डीचं, इलास्टिक जांघेत रुतून लाल वळ उठतात. कुस्तीला लंगोट ठीक, तो हवा तसा आवळता येतो. रोजच्या वापराला अशांनी लांब पायाची बॉक्सर ब्रीफ घ्यावी, पाय पाच-सहा इंचांचा असलेली. मांडीला मांडी घासत असेल तर सडपातळ माणसालाही हीच लागते. आखूड पायाची ट्रंक जाड मांडीवर वर सरकते आणि जांघेत तिचा गोळा होतो. बारीक मांड्यांना मात्र ब्रीफ किंवा ट्रंक छान बसते. ढेरी असेल तर इलास्टिक किमान सव्वा इंच रुंद बघा, अरुंद पट्टी बसलं की गुंडाळली जाते. हर्नियाचं किंवा हायड्रोसीलचं ऑपरेशन झालेल्यांनी काय घालायचं ते डॉक्टरांनाच विचारावं. कुणाला आधार देणारी लागते, कुणाला सैल. वयस्कर मंडळी पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी मागतात, त्यांना मी दुसरं काही गळ्यात मारत नाही. उन्हाळ्यात तिच्याइतकं हवेशीर काही नाही.

आता कापड. नुसतं शंभर टक्के सुती होजिअरी कापड संध्याकाळपर्यंत सैल पडतं. ९५ टक्के कॉटन आणि ५ टक्के इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असलं की ते आकार धरून राहतं. कोंब्ड कॉटन लिहिलं असेल तर त्यातले आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, त्यामुळं गोळे कमी येतात. मोडाल, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या धाग्याचं कापड, मऊ असतं, पण महाग, आणि रोज दगडावर आपटून धुणाऱ्या घरात ते लवकर विरतं. निव्वळ पॉलिस्टर व्यायामापुरतं ठेवा.

दुकानात घालून बघता येत नाही, पण एक नग उलटा करून बघायला कुठलाही चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही. आसनाच्या जागी बोट फिरवा. चारी शिवणी एकाच टोकाला येऊन मिळत असतील तर तिथं गाठ तयार होते, आणि गाडीवर तासभर बसलं की तीच टोचते. आसनाला वेगळा तुकडा जोडलेला असेल तर शिवणी बाजूला जातात. शिवण मनगटाच्या आतल्या बाजूवर घासून बघा. तिथली कातडी नाजूक असते, खरखर लगेच कळते. कापड उजेडाला धरा, झिरझिरीत दिसलं तर ठेवून द्या. इलास्टिक दुपटीनं ताणून सोडा. ते झटकन जागेवर यायला हवं, आणि ताणताना टाके कडकडले तर नग परत द्या.

नवीन लग्न झालेले काही जण घट्ट चड्डीनं मूल होण्यात अडचण येते का, असं आवाज खाली करून विचारतात. वृषण शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावे लागतात, एवढं खरं. २०१८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सैल बॉक्सर वापरणाऱ्यांच्या शुक्राणूंचं प्रमाण २५ टक्क्यांनी जास्त आढळलं. मूल हवं असेल तर सैल सुती घालावी, त्यात नुकसान काहीच नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. तेव्हा जाड रिबचं, म्हणजे उभ्या रेघांच्या विणीचं, कापड नको, पातळ घ्या आणि जोड्या वाढवा. इलास्टिकची पट्टी सगळ्यात शेवटी वाळते, हात लावून ती बघा. दमट चड्डी अंगावर वाळवली की गजकर्ण आलंच. ते झालं तर मेडिकलमधून मनानं मलम आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर खाज थांबते आणि रोग पसरतो. त्वचेच्या डॉक्टरकडे जा. इस्त्री कापडावर फिरवा, इलास्टिकवर नको.

तीनचा पॅक स्वस्त पडतो, तरी नवी कंपनी असेल तर आधी एकच घ्या. घरी घालून मांडी घालून बसा, उकिडवे बसा, जिना चढा. मग ती कामाच्या दिवशी पूर्ण दिवस घाला आणि दोनदा धुवा. संध्याकाळी कमरेवर खोल वळ नसतील आणि दिवसभरात एकदाही हात घालून ती नीट करावी लागली नसेल, तर पाकिटाचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वेळी तोच काउंटरवर दाखवा.