‘मी ढ आहे’ म्हणणाऱ्या मुलाशी गणिताच्या तासाला काय बोलायचं

मागे पडलेलं मूल चुकल्यावर काय म्हणतं, हे आपल्याला पाठ असतं: ‘मी ढ आहे’, ‘गणित माझ्या डोक्यातच शिरत नाही’. पण गणित बरोबर आल्यावर ते काय म्हणतं? ‘सोप्पं होतं ना’, ‘बाईंनी सांगितलं म्हणून आलं’, ‘लागलं नशिबानं’. चूक झाली की माझ्या डोक्याची, बरोबर आलं की श्रेय दुसऱ्या कुणाचं तरी. असा हिशेब एकदा बसला की शंभर गणितं सुटली तरी त्याच्या खात्यात काही जमा होत नाही. म्हणून सुरुवात बरोबर आलेल्या उत्तरांपासून करा.

पहिले दोन आठवडे फक्त ऐका. चार-पाचच मुलं निवडा. वहीत प्रत्येकाला एक पान द्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे बरोबर आल्यावरचं वाक्य, उजवीकडे चुकल्यावरचं, मुलाच्याच शब्दांत. ‘का चुकलं?’ असं विचारू नका. ‘का’ ऐकलं की मुलाला रागावल्यासारखं वाटतं आणि ते सुटकेपुरतं काहीतरी सांगतं. ‘हे कसं केलंस, सांग बरं’ असं विचारा, बरोबर उत्तरालाही आणि चुकीच्यालाही, एकाच सुरात. फक्त चुकीलाच विचारलंत तर मुलं लगेच ओळखतात: बाईंनी विचारलं म्हणजे चुकलंय.

मग प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न लावा. ते बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीतले आहेत. सांगितलेलं कारण मुलाच्या आतलं की बाहेरचं? ते उद्या बदलू शकतं का? बदलणं मुलाच्या हातात आहे का? ‘पेपर अवघड होता’ हे कारण बाहेरचं. ‘मी ढ आहे’ हे आतलं, न बदलणारं आणि हाताबाहेरचं, म्हणून सगळ्यांत घातक. ‘अभ्यासच केला नव्हता’ हे ऐकायला बरं वाटतं, पण सातवी-आठवीत ते बऱ्याचदा ढाल असतं. अभ्यास करून नापास झालो तर ढ ठरणार, त्यापेक्षा न केलेला बरा, असा त्यामागचा विचार. अशा मुलाला आळशी म्हणू नका, ते घाबरलेलं आहे.

आता एक गणित जवळून पाहू. ५०३ मधून २६७ वजा करायचे आहेत आणि मुलानं उत्तर लिहिलंय ३६४. यात निष्काळजीपणा नाही. त्यानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय: पाचातून दोन गेले तीन, सहातून शून्य गेलं सहा, सातातून तीन गेले चार. त्याला ‘अजून मेहनत घे’ म्हटलंत तर ते घरून वीस गणितं याच रीतीनं करून आणेल. तीही चुकतील, आणि मग पक्कं होईल की मेहनत करूनही येत नाही, म्हणजे मी खरंच ढ. नुसती मेहनत सांगणं हा शाळांमधला सगळ्यांत मोठा घोळ आहे. मेहनतीच्या जोडीला रीत द्या:

‘तू तिन्ही घरांत एकच नियम पाळलास, पण तो इथं चालत नाही. तिनातून सात जात नाहीत आणि शेजारी दशकाच्या घरात शून्य आहे. मग शतकाकडे जाऊ. एक शतक सुटं केलं की उरतील ४ शतक आणि होतील १० दशक. त्यातला एक दशक सुटा केला की ९ दशक आणि १३ एकक.’

उत्तर येतं २३६. त्यात २६७ मिळवून ५०३ होतात का, हे मुलालाच पाहू द्या, म्हणजे ‘बरोबर’ हा शब्द तुमच्याकडून घ्यावा लागत नाही. आणखी दोन गणितं झाली की विचारा, ‘या वेळी वेगळं काय केलंस?’ ‘शतकाकडून घेतलं’ असं म्हणालं तर ते वाक्य डाव्या बाजूला ठळक लिहा. ‘सोप्पं होतं’ म्हणालं तर म्हणा, ‘मघाशी हेच अडलं होतं. मधे काय बदललं?’ आणि थांबा. उत्तर तुम्ही देऊ नका.

रोजच्या दहा गणितांत सात येणारी, दोन जरा ताणणारी आणि एक अडेल असं ठेवा. आत्मविश्वास वाढावा म्हणून सगळीच सोपी देणं उपयोगाचं नाही. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी १९७५ साली अपयशानं लगेच खचणाऱ्या १२ मुलांवर हे तपासलं. ज्यांना केवळ यशच मिळत गेलं, ती पुढं अपयश येताच पुन्हा कोलमडली. ज्यांना अधूनमधून अपयश देऊन ‘प्रयत्न कमी पडले’ असं कारण पाहायला शिकवलं, ती टिकली.

‘हुशार आहेस’ हे कौतुकही जपून करा. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत पाचवीतल्या ज्या मुलांची हुशारी वाखाणली गेली, ती अवघड कोड्यांत अपयश आल्यावर लवकर मागे हटली. कीव तर त्याहून वाईट. ‘जाऊ दे, तुला नाही जमणार, सोपं घे’ यातली माया मुलाला ऐकू येत नाही, ‘तुझ्यात कुवत नाही’ एवढंच ऐकू येतं. न मागता केलेली मदतही तेच सांगते.

रीत बदलून, हळू शिकवूनही काही महिने वाचन किंवा अंकओळख जागची हलत नसेल, तर कारणांची चर्चा बाजूला ठेवा आणि अध्ययन अक्षमतेची (बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणाऱ्या अडचणीची) तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. अशा मुलाला प्रयत्न कमी पडले म्हणणं हा अन्याय आहे.

सत्र संपताना प्रत्येक मुलाच्या पानावरची सुरुवातीची आणि शेवटची वाक्यं शेजारी ठेवून वाचा. गुणांआधी डावीकडची वाक्यं बदलतात. पालकसभेत गुणपत्रिकेसोबत त्यातली दोन वाक्यं आईवडिलांना वाचून दाखवा, आणि घरीही ‘किती मिळाले?’ याच्या आधी ‘कसं सोडवलंस?’ असं विचारायला सांगा.